खोगिरावरच्या बाया

मागच्या वेळी आपण पोळ्याच्या बैलांबद्दल आणि त्यांच्या साजाबद्दल बोललो होतो. आज घोड्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्याला कारण झालं एक भांडण.

गेल्या लग्नसराईत आपल्या राळेगावातल्या एका घरी नवरी पोरगी म्हणाली, नवरदेव घोडीवरून मांडवात येणार, तर मीही घोडीवरूनच येईन. घोडी एकच, भाडं एकच, फेऱ्या दोन. हिशेबात कुठं खोट नव्हती. पण घरातल्या थोरल्या आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरीनं कायले बसा लागते वं घोड्यावर? आपल्यात कधी बाया बसल्या का?" धाकटी काकू म्हणाली, "झाशीची राणी नाही का बसली?" आत्याबाई म्हणाल्या, "ते राणी होती. हिच्या बापाचं राज्य हाय का?" इथं सगळेच गप्प झाले.

आमच्यातली एक जण त्या घरची भाची. ती हा प्रश्न घेऊन आमच्या बैठकीत आली. नवरीचं काय करायचं ते त्या घरानं ठरवावं. पण आत्याबाईंनी विचारलेला प्रश्न इतिहासाचा होता, आणि तो काही केल्या आमच्या डोक्यातून जाईना. आपल्यात कधी बाया घोड्यावर बसल्या का? राण्या सोडून?

आम्ही आधी पुस्तकांकडे गेलो नाही. जिची घोडी भाड्यानं आणायची होती, त्या ताईच्या घरी गेलो. घोडी नवऱ्याच्या नावावर आहे. वरातीत लगाम धरून चालतो तोही नवराच. पण पहाटे चांदणीपाशी, म्हणजे घोडीपाशी, पहिली जाते ती ताई. रात्री भिजत घातलेला हरभरा उपसायचा, त्यात कोंडा मिसळायचा आणि तोबऱ्यात घालून घोडीच्या तोंडाला बांधायचा. आपण एखाद्याला म्हणतो नं, तोबरा भरून बसला, तो हाच तोबरा. हरभरा किती, यावर तिचं सगळं लक्ष. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं वर येत नाही, म्हणून धान्य जास्ती झालं की पोटशूळ उठतो आणि एका रात्रीत जनावर हातचं जातं. "लेकराचं बरं हाय, ओकून मोकळं होते," ताई म्हणाली. घरातल्या कोणी लाडानं जादा ओंजळ टाकली तर ती चिडते.

हरभरा झाला की खरारा. मग एकेक पाय उचलून खुरात खडा अडकला का बघायचं. महिना-दीड महिन्यानं नाल बदलायची वेळ येते आणि नालबंद बाहेरगावाहून बोलवावा लागतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात, कमाई नसते, पण चांदणीचं पोट चातुर्मास पाळत नाही. त्या चार महिन्यांचा हरभरा ताई शेतमजुरीच्या पैशातून आणते. वरातीतल्या एका फेरीचं भाडं ऐकून आपल्याला वाटतं, बाप्पा, एवढे पैसे. त्या चार महिन्यांचा हिशेब ऐकला की तसं वाटत नाही.

आणि मग साज. तो गोठ्यात नव्हता. आतल्या खोलीत खुंटीला होता, जिथं आपण ठेवणीतल्या साड्यांचं गाठोडं ठेवतो तिथं. भिंगं लावलेली झूल, कलगी, घुंगरमाळ, हा वरातीचा देखावा. पण ताईनं आम्हाला दाखवलं ते खालचं खोगीर. सासऱ्याच्या वेळचं. चामडं तीन-चार ठिकाणी मोच्याकडून शिवून घेतलेलं, पुढचा उंचवटा हात लागून लागून आरशासारखा गुळगुळीत झालेला. ती एरंडेलाच्या तेलात फडकं भिजवून ते पुसते, म्हणजे चामडं तडकत नाही. आम्ही म्हटलं, झूल नवी दिसते, खोगीर नाही घेतलं नवीन? तर म्हणाली, "झूल नवी चालते. खोगीर जुनंच पाहिजे. त्याले चांदणीची पाठ माहीत हाय."

यात मोठं शहाणपण आहे, ते आम्हाला तिथंच बसून कळलं. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरची भरीव गादी. आत कापूस, लोकर किंवा चिंध्या दाबून भरलेल्या. आपण कामाच्या नसलेल्या गर्दीला खोगीरभरती म्हणतो ते या चिंध्यांवरून. पण ही भरती निकामी नसते. एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त झाली तर घोड्याच्या पाठीला घट्टे पडतात, जखम होते, आणि पाठ लागलेला घोडा महिनाभर कामाचा राहत नाही. खोगिराखालच्या घोंगडीत एखादं कुसळ किंवा गोखरू राहिलं तरी तेच. म्हणून प्रत्येक फेरीनंतर घामानं ओलं झालेलं खोगीर उलटं करून उन्हात घालायचं आणि पुन्हा घालताना घोंगडीवरून हात फिरवायचा. नुसतं डोळ्यांनी बघून चालत नाही, तळहात फिरवायचा.

खोगीर पोटाखालून बांधतात तो पट्टा म्हणजे तंग. पाय टेकायला रिकीब. खोगीर पुढं सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतात ती दुमची. तोंडावरची मोरखी आणि लगाम. तंग आवळायला लागलं की घोडी श्वास भरून पोट फुगवते. आपल्याला वाटतं घट्ट बसला. ती दोन पावलं चालून श्वास सोडते, की तंग ढिला, खोगीर एका अंगाला आणि नवरदेव जमिनीवर. म्हणून ताई तंग लावते, घोडीला चार पावलं चालवते, आणि पुन्हा एक भोक वर आवळते. हे तिला सासूनं शिकवलं. सासूला तिच्या सासूनं. एवढ्या पिढ्यांत यातली कोणी घोडीवर बसली होती का, असं आम्ही विचारलं, तर ताई हसली. म्हणाली, "पाणी पाजाले नेतांनी कोन पायते?"

आता पुस्तकांकडे येऊ. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना कृष्णाजी अनंत सभासदानं आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. शाळेत हे आपण पाठ केलं आणि विसरलो. पण त्याच बखरीत आणखी एक गोष्ट आहे : दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांना हिशेबात जागा होती. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि स्वतःचा साज घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची पत खाली येई. आता विचार करा, हा शिलेदार पावसाळ्यात घरी परत येई तेव्हा तो घोडा कोणाच्या अंगणात असे? त्याची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, कोणाच्या कणगीतून निघे? लेकरांच्या भाकरीत आणि घोड्याच्या दाण्यात वाटणी करायची वेळ दुष्काळात कोणावर येत असेल? बखरीत याची नोंद नाही.

महाराजांचं एक पत्र मात्र आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं, १६७० च्या दशकातलं. ते वाचताना आम्हाला एखादी दक्ष गृहिणी बोलते आहे असं वाटलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळून संपवाल तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि तो दोष तुमचाच. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतो, गवताला आग लागते. आणि रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका. ज्या राजाला उंदीर आणि वात यांची काळजी होती, त्याला घोडा पाळणं म्हणजे काय ते नीट माहीत होतं.

इथं एक कडू गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या विदर्भाची आहे. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार १७४० च्या दशकात वर्षामागून वर्ष बंगालवर चालून गेले. १७५१ साली तह होईपर्यंत हे चाललं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात त्या लुटीचं आणि बायांवर झालेल्या अत्याचारांचं वर्णन केलं आहे. आपल्या बारगीर शब्दाचा तिकडं बर्गी झाला, आणि बंगाली आया आजही लेकराला निजवताना बर्गी आले असं गातात. आपल्या आज्या ज्या घोड्यांना चंदी घालत होत्या, त्याच घोड्यांच्या टापा ऐकून दुसऱ्या मुलखातल्या आज्या लेकरं पदराखाली लपवत होत्या. घोड्याचा अभिमान सांगताना हे वगळणं आम्हाला जमलं नाही.

आता बायांकडे. महाराणी ताराबाईंनी राजाराम महाराजांच्या मागं, १७०० पासून, औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांचा मुलगा, सेनापती त्र्यंबकराव, १७३१ साली डभईच्या लढाईत पडला, आणि पुढं गुजरातच्या मोहिमेवर त्या स्वतः फौज घेऊन गेल्या. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. पण आत्याबाई म्हणतील, या राण्या आणि सेनापतीणच झाल्या. त्यांचं म्हणणं खरं आहे. आम्हाला हवी होती ती साधी गोष्ट : बाई रोजच्यासारखी घोड्यावर बसते आहे, आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

ती आम्हाला सापडली एका इंग्रज बाईच्या पुस्तकात. फॅनी पार्क्स तिचं नाव. नवरा अलाहाबादला कंपनी सरकारच्या नोकरीत, आणि ही बाई घोड्यावरून, होडीतून हिंदुस्थानभर हिंडत असे. १८३५ साली ती गंगाकाठच्या फतेहगडला गेली असता तिला बायजाबाई शिंदे भेटल्या. बायजाबाई म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची बायको. याच शिंद्यांची फौज १८०३ साली आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या बरोबरीनं इंग्रजांशी लढली होती. १८२७ मध्ये दौलतराव गेल्यावर बायजाबाईंनी सहा वर्षं ग्वाल्हेरचा कारभार चालवला. १८३३ साली त्यांना तिथून निघावं लागलं, आणि आता त्या छावणी टाकून परमुलखात राहत होत्या. राज्य गेलेलं होतं. घोडे मात्र बरोबर होते, आणि जनान्यातल्या बायांचं घोड्यावर बसणंही चालू होतं.

बोलता बोलता घोडेस्वारीचा विषय निघाला. इंग्रज बाया त्या काळी दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला टाकून बसत. त्यासाठी खोगीर वेगळं, कपडा वेगळा, लांब झग्यासारखा. घोड्यावर पाय फाकून बसणं कुलीन बाईला शोभत नाही, असा तिकडं दंडक. बायजाबाईंना आणि त्यांच्याभोवतीच्या बायांना हे ऐकूनच खरं वाटेना. एका बाजूला लटकून बाई पडत कशी नाही? फॅनीनं आपला घोडा आणि आपलं खोगीर आणून, तो झगा घालून त्यांना बसून दाखवलं. मराठी बाया खूप हसल्या. मग त्यांच्यातल्या बाया आपल्या घोड्यांवर बसल्या, पुरुषांसारख्या दोन्हीकडं पाय टाकून. बायजाबाईंची नात त्यांत होती आणि ती चांगली बसत असे. पुढं फॅनीनं स्वतः नऊवारी नेसून घेतली, मराठी पद्धतीच्या मोठ्या रुंद रिकिबींत पाय घातले आणि घोडा फिरवला. तिला ते इतकं सुरक्षित, इतकं मोकळं वाटलं की बायांना एका बाजूला बसायची रीत लावल्याबद्दल तिनं आपल्या एलिझाबेथ राणीलाच मूर्ख ठरवलं. हे सगळं तिनं लिहून ठेवलं आणि १८५० साली लंडनला छापलं.

आम्ही हा प्रसंग बैठकीत वाचला तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी हसत होत्या आणि एक जण गप्प होती. ती म्हणाली, म्हणजे ती गोरी बाई सुधारलेल्या देशातून आली होती आणि तिला मोकळं वाटलं ते आपल्या आजीच्या लुगड्यात. हो, तसंच झालं. इंग्रजी बाजूच्या खोगिराला दुसरं शिंग बसवून बाईचे पाय जरा पक्के अडकतील अशी सोय १८३० च्या आसपास कुठं झाली. त्याआधी ती बाई जवळजवळ तोलावरच बसत असे. आणि युरोपातल्या बायांनी सर्रास दोन्हीकडं पाय टाकून बसायला विसावं शतक उजाडलं. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धेत बायांना पहिल्यांदा उतरता आलं ते १९५२ साली.

नऊवारीबद्दल एक बोलून घेऊ. कासोट्याचं लुगडं लढाईसाठी, घोड्यावर बसण्यासाठी शोधलं गेलं, असं हल्ली भाषणांतून फार ऐकू येतं. आम्हाला ते पटत नाही. निंदण, कापूस वेचणी, विहिरीवरचं पाणी, सरपणाची मोळी, हे सगळं त्याच लुगड्यात होत होतं, आणि त्यातली एकही बाई लढाईला निघालेली नव्हती. कामाला सोयीचं म्हणून ते लुगडं. कामाला सोयीचं असल्यामुळंच ते घोड्यालाही सोयीचं झालं. मांड्यांमध्ये कपडा असतो, पोटरी मोकळी राहते, पदर खोचता येतो. आजच्या सहावारीत रिकिबीत पाय घालून बघा, म्हणजे फरक कळेल. आमच्यातल्या एकीनं चांदणीवर बघितला. ती चढलीच नाही.

आता झाशीच्या राणीसाहेब. त्यांना टाळून कसं चालेल? पण तलवार बाजूला ठेवून बोलू. पुतळ्याकडं बघताना आपण तलवार बघतो, पाठीवरचं मूल बघतो. घोड्याचा तंग कोणी बघत नाही. राणी लक्ष्मीबाई माहेरच्या तांबे, जन्म काशीचा, लहानपण बिठूरचं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले होते, झाशीत राहिले होते. त्यांनी लिहिलेलं 'माझा प्रवास' हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलं. त्यात राणीच्या अश्वपरीक्षेची, म्हणजे घोडा पारखण्याची, ख्याती सांगितली आहे. उत्तर हिंदुस्थानात जे दोन-तीन नामांकित पारखी, त्यांत ही एक बाई. त्यांच्याबद्दल गोष्ट सांगतात ती अशी, की एका सौदागरानं दिसायला सारखेच उमदे दोन घोडे आणले. राणीनं दोन्हींवर बसून चक्कर मारली आणि एकाची किंमत मोठी केली, दुसऱ्याची फक्त पन्नास रुपये. लोक चकित झाले. त्या म्हणाल्या, याच्या छातीला आतून मार लागलेला आहे. आणि सौदागरानं ते कबूल केलं. गोष्टीत थोडं मीठमसाला असेल. पण घोड्यावर बसल्याशिवाय, मांडीखालचं त्याचं चालणं कळल्याशिवाय हे ज्ञान येत नाही, आणि ते एका दिवसात येत नाही. भाजी दाबून बघितल्याशिवाय घेत नाही त्या आपण, आपल्याला हे पटायला हरकत नाही.

गोडसे भटजींना राणी पुन्हा भेटली ती काल्पीच्या बाजूला, एका विहिरीपाशी. पराभव झालेला, अंगावर पठाणी पोशाख, धुळीनं माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला निघाले, तर तिनं त्यांना थांबवलं, स्वतःच्या हातानं पाणी ओढलं आणि ओंजळीनं प्यायली. हा प्रसंग वाचून आमच्या मनात आलं, घोड्याला आधी पाजलं असेल. जिला घोडा कळतो ती आधी त्याचा तंग सैल करते, त्याला दम खाऊ देते, मग पाजते. तसं लिहिलेलं नाही, हे आमचं आपलं. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली. ओढ्यापाशी घोडा अडला असं सांगतात, आणि तो घोडा तिच्या सवयीचा नव्हता, असंही सांगतात. खोगिराला पाठ माहीत असावी लागते, हे ताईचं बोलणं तेव्हा आठवलं.

मग हे सगळं गेलं कुठं? आपल्याकडं शोध घेतला तर उत्तर फार नाट्यमय नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. शिलेदार घरी बसले. घोडा पोसायला पगार लागतो, तो थांबला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि आपला कापूस तिच्याकडं नेला तो बैलांनी. वऱ्हाडातल्या घरंदाज बाया दमणीत नाहीतर रेंगीत बसून माहेरी जाऊ लागल्या, वर पडदा. घोडा राहिला पाटलाकडं, देशमुखाकडं आणि साहेबाकडं. नऊवारीची सहावारी झाली. ज्या घरात घोडाच नाही तिथं बाई घोड्यावर बसत नाही, हे उघड आहे. दोन पिढ्यांत आत्याबाईंना ते कधी नव्हतंच असं वाटू लागलं.

घोडा फक्त पाटलाकडं उरला याचा दुसराही अर्थ आहे. घोड्यावर बसलं की माणूस उंच होतो, आणि गावात कोणी उंच व्हायचं हे आधीच ठरलेलं होतं. कितीतरी गावांत खालच्या ठरवलेल्या जातींच्या माणसाला वरच्या आळीतून घोड्यावरून जाता येत नव्हतं. हे जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित तरुणाला आपली वरात गावातून नेता यावी म्हणून हायकोर्टापर्यंत जावं लागलं, आणि २०१८ साली ती पोलीस बंदोबस्तात निघाली. गुजरात, राजस्थानातून अशा बातम्या येतच असतात. म्हणून नवरी घोडीवर बसते म्हणाली की घर अस्वस्थ होतं, ते काही ती पडेल या भीतीनं नव्हे.

ज्यांच्याकडं घोडं राहिलं त्या बाया मात्र आहेत. भीमेच्या काठच्या भीमथडी घोड्यावर पश्चिम महाराष्ट्रातले धनगर आजही बिऱ्हाड लादतात. पुरुष मेंढरांबरोबर पुढं जातात, आणि घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्या, कोकरं, तान्ही लेकरं बांधून पुढच्या मुक्कामाला पोचतात त्या बाया. ओझं दोन्ही बाजूंना सारखं झालं नाही तर घोड्याची पाठ लागते, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. सरकारी संस्थेनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच मान्यता दिली. उशिरा दिली. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टं होती, २०१९ च्या गणनेत साडेतीन लाखसुद्धा उरली नव्हती. सात वर्षांत जवळजवळ निम्मी.

लहानपणी आपल्याला कोडं घालत : भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. घोडा आणि भाकरी एका कोड्यात, याचं आपल्याला तेव्हा नवल वाटलं नव्हतं.

भांडणाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही बायजाबाईंची गोष्ट आत्याबाईंना जाऊन सांगितली. झाशीच्या राणीनं जे झालं नव्हतं ते त्या हसणाऱ्या बायांनी केलं. आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, गल्लीच्या टोकापासून मांडवापर्यंत, बँड नको, आणि दिवस मावळायच्या आत. पोरगी तेवढ्यावर राजी झाली. पुढची अडचण निघाली ती शालूची. सहावारी शालू नेसून पोरगी रिकिबीत पाय घालीना. शिवलेली नऊवारी कोणीतरी भाड्यानं आणली होती, तिचा कासोटा खोगिरावर बसताच ताणला आणि टाके उसवले. त्या घरात लुगडं नेसवता येणारी एकच बाई होती. आत्याबाईंनी आतून आपलं हिरवं लुगडं काढलं, दार लावून घेतलं आणि पोरीला स्वतः नेसवून दिलं. घट्ट, कासोटा वर खोचून.

बाहेर ताईनं चांदणीचा तंग आवळला, तिला चार पावलं चालवलं, आणि पुन्हा एक भोक वर घेतलं.